विक्रीस काढलेल्या जादा गाडीचा विमा : आरसीवरचे नाव बदलेपर्यंत काय करावे

घरात नवी गाडी आली म्हणजे जुनी लगेच जाते, असे क्वचितच होते. भाव पटत नाही, गिऱ्हाईक गाडी बघून जाते आणि परत फोन करत नाही, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला हातात यायला वेळ लागतो, आणि तोवर गाडी सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला उभी राहते. नेमक्या याच काळात विम्याची मुदत संपत आल्याचा संदेश येतो आणि घरात प्रश्न निघतो की, जी गाडी महिना-दोन महिन्यांत जाणारच आहे तिच्यासाठी आणखी एका वर्षाचा हप्ता कशाला भरायचा. प्रश्न रास्त आहे. पण ‘राहू द्या, विकलीच जाणार आहे’ हे त्याचे नेहमीचे उत्तर बहुतेक वेळा महागात पडते. अशा गाडीचा विमा ठरवताना ती किती चालते यापेक्षा ती कोठे उभी असते, तिची किल्ली कोणाकोणाच्या हातात जाते आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कोणाचे आहे, या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात. भारतातील सध्याचे नियम धरून हा निर्णय कसा घ्यावा, याचे मार्गदर्शन पुढे केले आहे.

उभ्या गाडीलाही विमा का हवा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाच्या जोखमीचा, म्हणजेच आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो, विमा असणे सक्तीचे आहे. विमा नसताना गाडी वापरल्यास किंवा दुसऱ्याला वापरू दिल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपयांवर जातो. ‘आमची गाडी तर जागची हलत नाही’ असे म्हणून यातून सुटता येईल असे वाटते, परंतु कायद्यातील ‘वापर’ हा शब्द बोलण्यातील वापरापेक्षा बराच व्यापक आहे. १९८७ साली राष्ट्रीय महामार्ग ४ वर एक पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याने पेट घेऊन माणसे दगावली. त्या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, वाहन चालू स्थितीत नसले तरी अशी दुर्घटना मोटार वाहनाच्या वापरातूनच घडलेली मानता येते. सार्वजनिक जागेची व्याख्याही केवळ डांबरी रस्त्यापुरती नाही. जेथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा तिच्यात बसते. त्यामुळे गल्लीत लावून ठेवलेली गाडी विम्याविना ठेवणे, हा धोका पत्करण्याजोगा नाही.

दंडाची रक्कम हा या धोक्याचा सर्वांत लहान भाग आहे. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवते तिला वरची मर्यादा नसते, आणि विमा नसेल तर ती मालकाच्या खिशातून जाते. येथे मालक म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे तो. ही व्याख्या अधिनियमाच्या कलम २(३०) मध्येच आहे. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरच बोट ठेवले. गाडी विकून एकामागून एक अनेकांच्या हातात गेलेली असतानाही, आरटीओच्या नोंदीत नाव न बदलल्यामुळे मूळ नोंदणीकृत मालकालाच त्या प्रकरणात जबाबदार धरण्यात आले. विक्रीची पावती, स्टॅम्प पेपरवरचा करार आणि बँकेत जमा झालेले पैसे हे सारे विकणारा व घेणारा या दोघांतले पुरावे ठरतात. अपघातात सापडलेल्या तिसऱ्या माणसाला त्यांच्याशी काही देणेघेणे नसते. म्हणून थर्ड पार्टी विमा हा या काळातला किमान भाग समजावा आणि विचार करायचा तो त्याच्या वरच्या भागाचा.

आधी हातातली पॉलिसी वाचावी

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी चालू पॉलिसीचे पहिले पान समोर ठेवावे. त्यावर ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, आणि थर्ड पार्टीचा भाग यांच्या मुदती वेगवेगळ्या लिहिलेल्या असू शकतात. १ सप्टेंबर २०१८ नंतर विकल्या गेलेल्या नव्या मोटारींना सुरुवातीलाच तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, तर ओन डॅमेजचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. विकायला काढलेली गाडी दोन वर्षांची असेल तर असेही निघते की, संपत आलेला आहे तो फक्त ओन डॅमेजचा भाग आणि कायद्याची सक्ती असलेला भाग अजून वर्षभर चालणार आहे. अशा वेळी स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी घ्यायची की नाही एवढाच प्रश्न उरतो.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे आयडीव्ही, अर्थात गाडी चोरीला गेल्यास किंवा दुरुस्तीपलीकडे गेल्यास ज्या मूल्याच्या आधारे भरपाई मिळते ते मूल्य. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची घट ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे धरली जाते. चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीला ती ५० टक्के असते. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य मात्र कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी यावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हा आकडा खाली ओढण्याचा मोह होतो, पण विकायच्या गाडीबाबत तो टाळावा, कारण गाडी चोरीला गेली तर बाजारात आलेला भाव दाखवून उपयोग होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनसची, अर्थात दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची, टक्केवारी, जिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तिसरी म्हणजे मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण. हे १५ लाख रुपयांचे संरक्षण मालकाला सक्तीचे आहे, पण प्रत्येक गाडीमागे वेगळे घ्यावे लागत नाही. नव्या गाडीबरोबर ते घेतलेले असेल आणि दोन्ही गाड्या एकाच व्यक्तीच्या नावावर असतील, तर जुन्या गाडीच्या नूतनीकरणातून ते वगळावे, असे कंपनीला सांगावे. ऑनलाइन फॉर्मवर हा रकाना बहुधा आधीच भरलेला असतो, आणि न बघता पुढे जाणारा माणूस तेच संरक्षण दोनदा विकत घेतो. एक गाडी पतीच्या आणि दुसरी पत्नीच्या नावावर असेल तर मात्र ही सवलत लागू होत नाही.

कोणते संरक्षण निवडावे

नुसत्या थर्ड पार्टी विम्याचे दर केंद्र शासन ठरवून देते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा वर्षाचा हप्ता आहे. वस्तू व सेवा कर वेगळा. किरकोळ ग्राहकाला हा विमा दोन-चार महिन्यांसाठी सहसा मिळत नाही, वर्षाचाच घ्यावा लागतो, आणि पैसे वाया जातात अशी भावना होते ती येथेच. पण ते वाया जात नाहीत. कलम १५७ नुसार गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा खरेदीदाराच्या नावे हस्तांतरित झाला असे मानले जाते. म्हणजेच ‘विमा पुढच्या मार्चपर्यंत आहे’ हे वाक्य जाहिरातीत लिहिता येते आणि भाव ठरवताना ते उपयोगी पडते. घेणाऱ्यालाही गाडी त्याच दिवशी घरी नेता येते. विमा संपलेली गाडी दाखवायला रस्त्यावर काढणेच बेकायदा असल्यामुळे अशा गाडीचे गिऱ्हाईक पहिल्या दहा मिनिटांतच भाव पाडून मागते.

खरा विचार करायचा तो ओन डॅमेजच्या भागाचा. गाडी बारा-तेरा वर्षांची आहे, तिचे मूल्य फार उरलेले नाही, ती बंदिस्त आवारात उभी असते आणि तिच्यावर फारसा बोनसही जमलेला नाही, अशी स्थिती असल्यास नुसता थर्ड पार्टी विमा पुरे. मात्र गाडी चार-पाच वर्षांचीच असेल, झाडाखाली किंवा उघड्यावर लावावी लागत असेल, किंवा गाव नदीकाठी असून पावसाळा तोंडावर असेल, तर पूर्ण विमा, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, चालू ठेवावा. उभ्या गाडीची जी जोखीम असते ती चोरी, आग, फांदी पडणे, आवारात पाणी शिरणे आणि शेजारच्याने गाडी मागे घेताना दार चेपणे या प्रकारची असते, आणि ती कमी चालवल्याने कमी होत नाही. उलट, रोज न पाहिलेल्या गाडीचे नुकसान उशिरा लक्षात येते आणि ‘कधी झाले’ हे कंपनीला सांगता येत नाही. म्हणून पूर्ण विमा असो वा नसो, उभ्या गाडीभोवती दर आठवड्याला एक फेरी मारून चार बाजूंचे फोटो काढून ठेवणे फायद्याचे असते. येथे एका गोष्टीचा खुलासा हवा. महिनोन्‌महिने उभी राहून उतरलेली बॅटरी, चपटे झालेले टायर, गंजलेल्या ब्रेकच्या चकत्या यांपैकी काहीही कोणत्याही पॉलिसीत बसत नाही, कारण झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड हे सरळ वगळलेले असतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींबाबत कंपन्यांचे धोरण सारखे नाही, तेव्हा पॉलिसीतले कलम वाचूनच त्या भरवशावर राहावे.

पूर्ण विमा आणि नुसता थर्ड पार्टी यांच्या मध्ये काही वाटा आहेत, ज्यांची माहिती विचारल्याशिवाय सहसा मिळत नाही. थर्ड पार्टीबरोबर केवळ आग आणि चोरी एवढेच संरक्षण जोडून देण्याची सोय भारतीय मोटार दरपत्रकात आहे. कंपनी ते देत असेल तर उभ्या गाडीला ते नेमके बसते. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ओन डॅमेजच्या भागासाठी जितके चालवाल तितका हप्ता या पद्धतीची जोड-संरक्षणे आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित फ्लोटर पॉलिसी यांना परवानगी दिली. वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गाडीचा हप्ता पहिल्या प्रकारात कमी होतो, आणि विकायची गाडी त्या मर्यादेत अगदी सहज राहते. मात्र मर्यादा ओलांडल्यावर काय होते आणि गाडी विकल्यावर उरलेल्या किलोमीटरचे काय, हे दोन प्रश्न विकत घेण्याआधी विचारावेत. दोन्ही गाड्या एकाच्याच नावावर असतील आणि जुनी विकली जायला सहा-आठ महिने लागतील असे दिसत असेल, तर फ्लोटरची चौकशी करावी. त्याहून कमी काळासाठी ती उठाठेव करण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक जुनी तरतूद आहे, ती गाडी पूर्णपणे बंद ठेवण्याची. गाडी किमान सलग दोन महिने गॅरेजमध्ये वापराविना ठेवायची असेल, तर कंपनीला तसे आधी कळवून आग, चोरी, पूर यांसारख्या जोखमी वगळता बाकीचा विमा तेवढ्या काळापुरता स्थगित करता येतो आणि त्याबदल्यात पुढच्या हप्त्यात वजावट किंवा मुदतीत वाढ मिळते. परगावी किंवा परदेशी जाणाऱ्यांसाठी ही सोय चांगली आहे. विकायला काढलेल्या गाडीसाठी ती मी सुचवणार नाही, कारण स्थगितीच्या काळात गाडी फाटकाबाहेर एकदाही काढता येत नाही, आणि ज्या गाडीची फेरी मारता येत नाही ती कोणी घेत नाही.

मुदत उलटून गेली असेल, तर थर्ड पार्टी विमा लगेच ऑनलाइन घेता येतो, पण ओन डॅमेजचा भाग पुन्हा सुरू करण्यापूर्वी कंपनी गाडीची तपासणी करते, हल्ली बहुधा मोबाइलवर व्हिडिओ काढून. व्यवहारात याला ब्रेक-इन म्हणतात. तपासणीत दिसलेल्या आधीच्या चेपा आणि ओरखडे नव्या पॉलिसीतून बाहेर राहतात, आणि मधल्या दिवसांत जे घडले ते तर आपलेच.

नो क्लेम बोनस : या व्यवहारातला सर्वांत मौल्यवान भाग

दावा न केलेल्या वर्षांगणिक ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी ही सूट २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी वाढते. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही. अनेकांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट अशी की, हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तरी तो खरेदीदाराकडे जात नाही, आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीवर मालकाला तो वापरता येतो. नव्या गाडीच्या ओन डॅमेजचा हप्ता १६,००० रुपये येत असेल आणि जुन्या गाडीवर ५० टक्के बोनस जमलेला असेल, तर प्रश्न ८,००० रुपयांचा आहे. दीड हजार सीसीच्या आतल्या जुन्या गाडीचा वर्षभराचा थर्ड पार्टी हप्ता करासह धरला तरी याच्या निम्म्याच्या आसपास बसतो. हा हप्ता वाचवण्याच्या नादात हा बोनस घालवणारे लोक म्हणूनच हिशेबात चुकतात.

तो राखायचा तर दोन मुदती लक्षात ठेवाव्या लागतात. गाडी आपल्याकडेच असेल आणि पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही, तर बोनस शून्यावर येतो. गाडी विकली गेली असेल आणि तिच्या जागी लगेच दुसरी घेतली नसेल, तर आधीची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या विम्यावर तो मागता येतो. यासाठी कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे लागते आणि ते देण्यापूर्वी कंपनी विक्रीचा पुरावा पाहते. अडचण होते ती नवी गाडी आधी आली आणि जुनी अजून दारात उभी आहे अशा घरांची. एकच बोनस एकाच वेळी दोन गाड्यांवर घेता येत नाही. जुन्या गाडीची पॉलिसी बोनससह चालू आहे तोवर नवी गाडी बोनसाविनाच विमा घेणार. तेव्हा नवी गाडी ताब्यात घ्यायची तारीख आपल्या हातात असेल आणि जुनीचे गिऱ्हाईक पक्के असेल, तर जुनीचे हस्तांतरण आधी उरकून बोनसचे पत्र नव्या गाडीच्या पॉलिसीपूर्वी हाती येईल असा प्रयत्न करावा. ते जमण्याजोगे नसेल, तर नव्या गाडीचा विमा घेतानाच कंपनीला लेखी विचारावे की, जुनी विकल्यावर राखलेला बोनस पुढच्या नूतनीकरणात धरला जाईल का. विक्रेत्याच्या दालनात बसलेला विमा प्रतिनिधी या प्रश्नावर ‘होऊन जाईल’ म्हणतो. ते ईमेलवर लिहून द्यायला सांगावे.

याच कारणासाठी, विक्री तोंडावर असताना किरकोळ ओरखड्याचा दावा करू नये. बंपर रंगवायला चार हजार रुपये लागतील म्हणून दावा केला आणि पुढच्या गाडीवरचे आठ हजार गेले, असा व्यवहार करण्यात काय हशील.

गाडी दाखवताना आणि विक्रेत्याकडे ठेवताना

अनोळखी माणूस फेरी मारायला मागतो तेव्हा त्याचा वाहन परवाना आधी पाहावा, त्यावरची वैधता आणि वाहनाचा प्रकार वाचावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. वैध परवाना नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो, आणि तिसऱ्या पक्षाला भरपाई दिल्यावर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. फेरीत आपण शेजारच्या आसनावर बसावे. किल्ली देऊन ‘एक चक्कर मारून या’ असे म्हणून घरात जाऊ नये. अशा वेळी गाडी परत आलीच नाही, तर ती चोरी की विश्वासघात असा वाद निघू शकतो, आणि पॉलिसीत संरक्षण असते ते चोरीला. दोन्ही मूळ किल्ल्या शेवटपर्यंत आपल्या ताब्यात असाव्यात, कारण चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही मागते. मूळ आरसीही कोणाला ‘बँकेत दाखवायला’ म्हणून देऊ नये.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गाडी ठेवायची असेल, तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरांत छापलेली वापराची मर्यादा अवश्य वाचावी. भाड्याने देणे, शर्यत, वेगचाचणी यांच्याबरोबर त्या यादीत मोटार व्यवसायाशी संबंधित कोणताही वापर हेही वगळलेले असते. आपली गाडी विक्रेत्याचा नोकर गिऱ्हाइकाला दाखवायला घेऊन गेला आणि धडकली, तर कंपनी नेमके त्या ओळीवर बोट ठेवू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी येथे बरीच सुधारणा केली आहे. आता असा विक्रेता नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृत झालेला असावा लागतो, गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये पोर्टलवर द्यायची असते, आणि त्यानंतर गाडीच्या बाबतीतली जबाबदारी त्याच्याकडे जाते. चाचणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी गाडी बाहेर काढली तर तिची नोंद त्याने इलेक्ट्रॉनिक फेरी-नोंदवहीत ठेवायची असते. म्हणून गाडी सोडण्यापूर्वी त्याचे अधिकारपत्र पाहावे, २९-सी ची पोच घ्यावी आणि त्याचा स्वतःचा व्यवसाय-विमा उभ्या गाड्यांना लागू आहे का हे विचारावे. ही पोच न देता ‘सही करून ठेवा, गिऱ्हाईक आले की नाव भरू’ असे म्हणत मालकी हस्तांतरणाचे कोरे नमुने २९ आणि ३० पुढे करणाऱ्याकडे गाडी ठेवू नये, मग त्याचा भाव कितीही चांगला असो.

गाडी दिवंगत वडिलांची किंवा आईची असेल तर

जादा गाडी घरात येण्याचे हेही एक नेहमीचे कारण आहे, आणि त्यातली मुदत दुःखाच्या दिवसांत विसरली जाते. एकट्या विमाधारकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी तत्काळ रद्द होत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती चालते. या काळात वारसाने मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा पुरावा देऊन पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी किंवा नवी घ्यावी. आरटीओकडे मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची असते आणि नमुना ३१ मधला हस्तांतरणाचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. गाडी पती वा पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्या वापरात आली तर दिवंगत मालकाचा नो क्लेम बोनसही त्यांना मिळतो. तो मागावा लागतो, कोणी आपणहून देत नाही. वारसाच्या नावावर न करताच परस्पर विकण्याच्या भानगडीत पडू नये.

विक्रीच्या दिवशी आणि त्यानंतर

पैसे मिळाले आणि गाडी दिली की ताबा दिल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, ओडोमीटरचा आकडा लिहावा आणि खरेदीदाराची सही, ओळखपत्राची प्रत व चालू मोबाइल क्रमांक घ्यावा. वेळ लिहिण्याचे कारण असे की, सायंकाळी सहाला गाडी दिली आणि रात्री नऊला वेगाची चलने आली, तर ती कोणाच्या माथी हे त्यावरून दाखवता येते. मग नमुना २९ ची हस्तांतरणाची सूचना विकणाऱ्याने स्वतः द्यावी. एकाच राज्यात व्यवहार असेल तर त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नमुना २८ मधला ना हरकत दाखलाही लागतो. कर्जाची नोंद आरसीवर असेल तर ती नमुना ३५ देऊन आधीच उतरवून घेतलेली असावी.

विम्याच्या बाजूने दोन भाग वेगवेगळे चालतात, आणि गोंधळ होतो तो येथेच. थर्ड पार्टीचा भाग वर म्हटल्याप्रमाणे खरेदीदाराकडे आपोआप जातो. ओन डॅमेजचा भाग आपोआप जात नाही. खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून आरसीचा पुरावा, नवा प्रस्ताव अर्ज आणि हस्तांतरण शुल्क भरून तो आपल्या नावे करून घ्यायचा असतो, आणि त्या वेळी विकणाऱ्याच्या बोनसमुळे कमी झालेला हप्ता उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात भरून द्यायचा असतो. त्याने तसे केले नाही आणि गाडी धडकली, तर दुरुस्तीचे पैसे कोणालाच मिळत नाहीत, कारण विकणाऱ्याचा गाडीत हितसंबंध उरलेला नसतो आणि घेणाऱ्याचा कंपनीशी करार झालेला नसतो. खरेदीदाराला ही गोष्ट व्यवहाराच्या आधीच सांगून टाकावी; बोनसच्या फरकाचे पैसे कोण भरणार हेही त्याच बैठकीत ठरवावे. खरेदीदाराला स्वतःचीच नवी पॉलिसी घ्यायची असेल तर विकणाऱ्याला आपली पॉलिसी रद्द करून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, परंतु गाडीचा दुसरीकडे विमा झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय ती रद्द होत नाही. म्हणून नव्या पॉलिसीची प्रत गाडी देतानाच मागून घ्यावी. याच अर्जाबरोबर बोनस राखण्याचे पत्रही मागावे. जुन्या गाडीचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल आपल्या खात्यातून जात राहतो.

नाव बदलण्याचे काम खरेदीदारावर सोडून मोकळे होऊ नये. पंधरा दिवसांनी वाहन पोर्टलवर क्रमांक टाकून पाहावा, मग महिन्याने पुन्हा पाहावा. तोवरही जुनेच नाव दिसत असेल तर आधी खरेदीदाराला लेखी आठवण द्यावी आणि त्यानंतर विक्रीची पावती, नमुना २९ ची पोच व खरेदीदाराचा पत्ता जोडून संबंधित आरटीओकडे अर्ज द्यावा, त्याची शिक्क्यानिशी पोच घ्यावी. याच काळात गाडीवरील थर्ड पार्टी विम्याची मुदत संपणार असेल, तर खरेदीदाराने तो पुढे घेतला की नाही हेही त्याच पोर्टलवर दिसते, आणि त्याने तो घेतलेला नसेल व नाव अजून आपलेच असेल, तर तो हप्ता आपण भरून नंतर त्याच्याशी भांडणे अधिक शहाणपणाचे आहे.